कार्ड आशाताईकडं, पाकीट मशीनच्या खणात

मूल नको असेल तर खेड्यातल्या बायकांना ऑपरेशनशिवाय दुसरं काही माहीतच नसतं, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या माण तालुक्यात माला-एन, छाया या गर्भनिरोधक गोळ्यांची नावं बायकांना पाठ आहेत. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात अंतरा इंजेक्शनही आलंय, ३ महिन्यांतून एकदा, फुकट. अडतं ते घरात.

माझ्या चुलत जावेनं थोरलीनंतर अंतरा घेतलं, गुपचूप. कार्डसुद्धा आशाताईकडंच ठेवलेलं. दुसऱ्या सुईनंतर पाळी लांबली, मग थांबलीच. त्यानं तसं होतं, घाबरायचं कारण नाही, हे नर्सबाईंनी तिला आधीच सांगितलं होतं. पण आमच्याकडं अजून चार दिवस बाजूला बसायची पद्धत, आणि सासू दिवस मोजून असते! दोन महिने ही बसली नाही म्हटल्यावर म्हातारी नातवाच्या आशेनं खूश, पेढ्यांपर्यंत गोष्ट गेली. शेवटी जाऊबाई खोटंच कोपऱ्यात बसायला लागली. (तेवढाच आराम, म्हणते.)

आता छाया घेते. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पाकीट शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली. तिथं सासू हात घालत नाही, सुया टोचतात म्हणून.