जुनं घर, थोडं बजेट, डिसेंबरात साक्षगंध: रंग आणि जुन्या वस्तूंबद्दल मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आमचं घर नागपूरला हनुमाननगरात आहे. सासऱ्यांनी १९७४ साली बांधलेलं. विटांच्या भिंती, वर स्लॅब, समोर ओसरी, मग बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर आणि बाजूने सांदवाडी, म्हणजे घराच्या कडेची मोकळी बोळ. छत अकरा फुटांवर. डिसेंबरात मुलाचं साक्षगंध आहे आणि ते घरीच व्हावं अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. माझीही आहे. रंग, सुतारकाम, फरशी, सगळं मिळून सत्तर हजारांत बसवायचं आहे, त्याच्या पुढे जाता येणार नाही.

दीर म्हणतात, भिंतींना पीव्हीसीचे पॅनेल ठोका, फॉल्स सीलिंग करा, मोझॅकवर नवीन टाईल टाका, आठ दिवसांत घर ओळखू येणार नाही. घर ओळखू येऊ नये हेच मला नको आहे. शिवाय मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश असताना ही बैठक सुसह्य राहते ती उंच छतामुळे, गरम हवा वर जायला जागा मिळते म्हणून. ती उंची मी झाकणार नाही. आणि पॅनेलच्या मागे ओल झाकली जाईल, जाणार नाही.

ओल हीच पहिली अडचण. बैठकीच्या पश्चिमेच्या खिडकीत कूलर बसतो. खिडकीच्या खाली आणि दोन्ही बाजूंना हातभर अंतरापर्यंत पोपडे आले आहेत, पांढरा लोणा फुलतो, दरवर्षी खरवडून डिस्टेंपर मारलं की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. बाकीच्या भिंतींवर चुन्याचे जुने थर आहेत आणि त्यावर डिस्टेंपर. ओला हात फिरवला की पांढरा होतो. एक रंगारी म्हणतो वरूनच पुट्टी मारू, दुसरा म्हणतो सगळं खरवडावं लागेल आणि मजुरी जवळजवळ दुप्पट सांगतो. कोणाचं ऐकावं?

आता वस्तूंकडे येते, कारण माझा जीव त्यांच्यात जास्त आहे.

बैठकीत सागवानाची बंगई (झोपाळा) आहे, पितळी कड्यांची. सासरे संध्याकाळी तिच्यावर बसून पेपर वाचत. मधल्या खोलीत बल्लारशाच्या सागवानाचं दोन दारांचं कपाट आहे, त्यावर कोणीतरी कधीतरी चॉकलेटी तेलरंग फासला आहे. एक जुनं सामान घेणारा दारावर येऊन कपाटाचा भाव सांगून गेला, त्यावरून लाकूड चांगलं असावं एवढं नक्की. तेलरंग काढून मूळ लाकूड दिसेल असं करता येईल का? मुलगा म्हणतो वरून पांढरा किंवा हिरवट रंग दे, व्हिडिओंमध्ये छान दिसतं. सासूबाईंना सागवानावर रंग ही कल्पनाच सहन होत नाही आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे.

तांब्याचा बंब आहे, दोन पितळी गुंड, एक घंगाळ, एक मोठी परात. माळ्यावर काळे पडून होते. हे सगळं बैठकीत मांडलं तर प्रदर्शन वाटेल, ते नको. काय ठेवावं, काय नाही? आणि आजेसासूबाईंचं करवतकाठी लुगडं आहे, टसरचं. काठ अजून शाबूत आहे, पण घड्यांवर विरलं आहे. नेसण्यासारखं राहिलं नाही. नणंद म्हणते त्याचे उशांचे अभ्रे शिवू. मला कापवत नाही. चौकट करून भिंतीवर लावलं तर टिकेल का?

रंग कोणता घ्यावा हेही सांगा. बैठकीला उजेड कमी आहे, खिडकी एकच आणि तिच्यात अर्धं वर्ष कूलर. फरशी गडद लाल मोझॅक, काळ्या पट्टीची. सध्या भिंती फिकट हिरव्या आहेत आणि ट्यूबलाइटमध्ये माणसं आजारी दिसतात. शिवाय वेताच्या दोन खुर्च्या आहेत, सांगाडा पक्का, विणकाम फाटलेलं.

मोठ्या लेकीचं बाळ आता रांगतं आहे आणि दिवाळीला ती महिनाभर राहायला येईल. तेव्हा धूळ, वास यांचाही विचार करावा लागेल. काम पाऊस थांबल्यावर सुरू करावं की आधीच?


प्रतिसाद

ताई, आधी ओल पाहा, रंगाचं नंतर. बांधकामातच आयुष्य गेलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेची, हे आधी ओळखा. खराब जागेजवळ फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमले, तर पाणी भिंतीत आहे. खोलीच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा. तुम्ही लोणा लिहिलंय त्यावरून मला पहिलं वाटतं. पाणी विटांमधून येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाला ढकलतो. वरून काहीही मारा, तो ढकलणारच.

कारण बहुतेक कूलरच आहे. खिडकीच्या कठड्याला बाहेर ढाळ आहे का बघा. जुन्या घरांत तो सपाट असतो, कधी आतच कललेला असतो. कूलरची टाकी भरताना सांडलेलं आणि जाळ्यांमधून उडालेलं पाणी तिथे मुरतं. कठड्याला बाहेर उतार करून घ्या, खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच ठेवा, आणि कूलर भिंतीला टेकवू नका, बाहेर लोखंडी स्टँडवर हातभर दूर ठेवा. मग आतला फुगलेला गिलावा, जिथून चांगला दिसतो त्याच्याही फूटभर पुढपर्यंत काढून नवीन करा. नव्या गिलाव्याला पाणी मारून पकू द्या आणि मग पूर्ण वाळू द्या. महिनाभर तरी त्यावर रंग नको. म्हणून हे काम पाऊस थांबताच पहिल्यांदा सुरू करा, डिसेंबरपर्यंत वेळ पुरेल. त्या भिंतीला पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) अजिबात लावू नका, ते जिप्समचं असतं आणि जिप्सम ओलीत टिकत नाही. व्हाइट सिमेंटची पुट्टी घ्या.

दोन रंगाऱ्यांपैकी दुसऱ्याचं ऐका. चुन्यावर पुट्टी धरत नाही. ती चुन्याला चिकटते आणि चुना भिंतीला सोडतो, म्हणजे सगळं एकदम पडतं. खरवडा, काचपेपर मारा, धुवा, वाळू द्या, प्रायमर, मग पुट्टी, पुन्हा प्रायमर, मग रंगाचे दोन हात. पैसे वाचवायचे तर पुट्टी फक्त बैठक आणि मधल्या खोलीत करा. स्वयंपाकघर आणि मागचा भाग साफ करून प्रायमरवर साधं इमल्शन मारा, तिथे भिंत आरशासारखी गुळगुळीत असायची गरज नाही.

हिशेबही स्वतः करून ठेवा. बैठक बारा बाय चौदा धरली तर घेर ५२ फूट, उंची ११, म्हणजे ५७२ चौरस फूट. दार-खिडक्या वजा केल्या की पाचशेच्या आसपास. दोन हातांना लिटरमागे १०० ते १२० चौरस फूट जातं, म्हणजे त्या खोलीला पाच लिटर. कोणी बारा लिटर लिहून दिलं तर विचारा काहून. मजुरी आणि माल वेगळे ठरवा, माल स्वतः आणा.


प्रतिसाद

कपाटाबद्दल. तेलरंग काढता येतो आणि सागवान असेल तर काढावाच, पण बाळ येणार आहे म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या तेलरंगात शिसं असू शकतं, भरपूर असू शकतं. ते कपाट, आणि तुमची जुनी दारं-खिडक्यासुद्धा, कोरड्या काचपेपरने घासू देऊ नका. ती धूळ फरशीवर बसते आणि रांगणारं बाळ हात तोंडात घालतं. पेंट रिमूव्हर लावून पत्र्याने मऊ रंग काढा, उरलेलं वॉटर पेपरने ओलं घासा, सगळं सांदवाडीत करा, घरात नाही. निघालेला रंग कागदात गुंडाळून टाका, झाडून वाऱ्यावर सोडू नका. आणि हे काम लेक यायच्या आधी संपवा किंवा ती गेल्यावर सुरू करा. बाळ घरात असताना नको.

बंगईवर तेलरंग नसेल तर ती खरवडूच नका. आतल्या न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. पॉलिश चिकट होऊन सुटलं तर ते लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे, त्यावर नुसता नवा हात देऊन चमक परत येते. स्पिरिटने काहीच झालं नाही आणि लाकूड नुसतं कोरडं, करडं दिसत असेल तर डबल बॉइल्ड जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये मिसळून पातळ लावा आणि जास्तीचं लगेच पुसून घ्या. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. दोरीवर सुटी पसरून वाळवा.

आणि बंगई सजवण्याआधी छताचे हुक तपासा. पन्नास वर्षांचे हुक वरून ठीक दिसतात आणि स्लॅबच्या आत गंजलेले असतात. साक्षगंधाला तिच्यावर चार जण एकदम बसतीलच.


प्रतिसाद

लुगडं कापू नका, कृपा करून. माझ्या माहेरी भंडाऱ्याकडे विणकर होते, म्हणून करवतकाठीवर विशेष जीव आहे. काठातली ती करवतीच्या दात्यांची नक्षी विणायला किती वेळ जातो हे पाहिलेलं आहे. सगळं लुगडं चौकटीत नको, पदराचा आणि काठाचा भागच दिसेल अशी मांडणी करा आणि बाकीचं न कापता मागे हलकं गुंडाळून घ्या. खळ काढलेल्या, धुतलेल्या सुती कापडावर बारीक रेशमी धाग्याने टाके घालून बसवा. डिंक, टेप, खिळे काही नको. काच कापडाला टेकू नये म्हणून चौकटीत मध्ये पट्टी घालायला सांगा. पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, ऊन आणि ओल दोन्ही तिथेच आहेत. मधल्या खोलीच्या आतल्या भिंतीवर लावा.

पितळेचं माझं मत असं: बैठकीत एकच गुंड, ओसरीत बंब, घंगाळ साक्षगंधाच्या दिवशी पाणी-फुलांना. परात स्वयंपाकघरात वापरात आणा. वापरात असलेली वस्तू प्रदर्शन वाटत नाही. बंबाचा दिवा करायला म्हणून कोणी भोक पाडायला सांगितलं तर ऐकू नका. चिंच-मिठाने घासून लगेच धुवा आणि कोरडं पुसा, नाहीतर पुन्हा डाग येतात.


प्रतिसाद

रंग निवडायच्या आधी दिवे बदला. माणसं आजारी दिसतात ती निम्मी त्या निळसर पांढऱ्या ट्यूबमुळे. ती बहुधा ६५०० केल्विनची आहे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). ३००० किंवा ४००० केल्विनचे एलईडी लावून मग भिंतीकडे पाहा.

लाल मोझॅकला मी सायीसारखा पिवळसर पांढरा घेईन, छत स्वच्छ पांढरं. एखादी भिंत गडद करायचा सल्ला देतील, तुमच्या कमी उजेडाच्या खोलीत तो घेऊ नका. छोटे डबे आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्यात पाहा. कॅटलॉगमधल्या बोटभर पट्टीवरून ठरवू नका.

मोझॅक बदलायचा विचारही नको. मशीनने घासून ऑक्सॅलिकचं पॉलिश केलं की ती फरशी परत उजळते आणि खर्च नव्या टाईलच्या मानाने पुष्कळ कमी येतो. मात्र क्रम पाळा: पुट्टी झाल्यावर आणि रंगाच्या शेवटच्या हाताआधी फरशी घासा, कारण घासताना लाल चिखल भिंतीवर फूटभर उडतो.


धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. कपाटाचं वाचून त्या खूश झाल्या, आणि शिशाचं ऐकून त्यांनीच सांगितलं की कपाट बाळ गेल्यावर करू, साक्षगंधाला तसंच चॉकलेटी राहिलं तरी चालेल. मला ते पटलं. दारं-खिडक्याही आत्ता घासणार नाही, फक्त पुसून ठेवू.

प्लास्टिक लावून पाहिलं, थेंब भिंतीच्या बाजूलाच आले. कठड्याचा ढाळ आत आहे, गवंड्याने पाणी ओतून दाखवलं. पाऊस उघडला की पहिलं काम तेच. दीर स्वतः उभे राहून करून घेणार आहेत, पॅनेलचा विषय त्यांनी सोडला. बंगईचे हुक स्लॅबमध्ये नाहीत, तुळईत आहेत, पण एकावर गंजाचे पापुद्रे दिसले, म्हणून दोन्ही बदलायचे ठरवलं. हिशेब केला तर लुगड्याची चौकट धरूनही सत्तरच्या आत बसतंय.

एवढं एक राहिलं: नागपुरात वेताच्या खुर्च्या अजून हाताने विणून देणारा कारागीर कोणाच्या माहितीत आहे का? प्लास्टिकची पट्टी विणून देणारे भेटले, मला वेतच हवा आहे. माहिती असेल तर व्यक्तिगत निरोपातून कळवा.