दिवाळीचा फराळ विकून आजारी माणसांना डबे द्यायचेत, कोणी केलंय का असं?

भाजणीवाली_कोथरूड :

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीतल्या आम्ही नऊ जणी गेली चार वर्षं दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतो. चकली, शेव, चिवडा, बेसन लाडू, शंकरपाळे. करंज्या मोजक्याच, कारण त्या कुटाण्याला आता कोणी तयार नसतं. गेल्या वर्षी १८० किलो माल गेला आणि तेल-तूप, गॅस, पिशव्या, दोन मदतनीस मावशींचे पैसे असं सगळं जाऊन १८ हजार उरले. ते वाटून घेतले आणि कशात गेले ते कळलंही नाही.

यंदा डोक्यात वेगळं आहे. आमच्याच विंगमधे एक काकू एकट्या राहतात, त्यांची केमो चालू आहे. मार्चमधे सहज डोकावले तर ओट्यावर ब्रेडचे पुडे, आणि म्हणाल्या अगं कुकर लावते पण शिट्टी होईपर्यंत उभं राहवत नाही. मुलगा बंगळुरूला, तो बिचारा तिथून ॲपवरून जेवण मागवतो, पनीर बटर मसाला आणि बटर नान, ते काकू वॉचमनला देऊन टाकतात आणि मुलाला फोनवर सांगतात छान होतं रे. तेव्हापासून मी आणि समोरची आळीपाळीने मऊ भात-वरण नेऊन देतोय.

तर आम्ही ठरवलंय की यंदाच्या फराळाचा सगळा नफा अशा पेशंटच्या डब्यांसाठी वापरायचा. कर्वेनगर-वारजे-कोथरूड भागात कॅन्सर, डायलिसिसवाले असे ५० जण तरी असतील, त्यांना पाडव्यापासून रोज एक वेळचा डबा, पुढच्या दिवाळीपर्यंत. परवानगी वगैरे काही लागते का, आणि डब्यात काय द्यावं? साधं घरगुती जेवण चालेलच ना सगळ्यांना?

आकडेमोड :

कल्पना उत्तम, हिशोब भयंकर. १८ हजार नफा, डबा कितीही काटकसरीने केलात तरी ६५ रुपये धरा. म्हणजे साधारण २७५ डबे. रोज ५० म्हटलं तर साडेपाच दिवस. पाडव्याला सुरू केलंत तर तुळशीचं लग्न लागायच्या आत पैसे खलास. ५० डबे महिनाभर म्हणजे जवळजवळ ९८ हजार हो ताई, फक्त एका महिन्याचे.

बाकी कागदाचं सांगतो. फराळ विकताय तोपर्यंत ती विक्री आहे, त्याला एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) रजिस्ट्रेशन लागतं, छोट्या धंद्याला ऑनलाइन होतं आणि फी फार नाही, चार वर्षं विकताय तर आत्तापर्यंत असायला हवं होतं पण असो. पण "पेशंटसाठी मदत करा" म्हणून लोकांकडून पैसे गोळा करायला लागलात की ते वेगळं प्रकरण. तुमचा ट्रस्ट नाही, त्यामुळे धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ सी खाली परवानगीला जावं लागेल, गणपती मंडळं वर्गणीसाठी घेतात तेच. आणि मेहेरबानी करून कोणाच्या तरी पर्सनल खात्याचा क्यूआर ग्रुपवर फिरवू नका, सहा महिन्यांनी त्याच नऊ जणींत बोलणं बंद होतं, पाहिलेलं आहे.

आणखी एक, "फराळ घ्या आणि ८० जी (देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट) मिळवा" असलं काही छापू नका. लाडू घेऊन पैसे दिले ती खरेदी, दान नव्हे. सूट हवी असेल तर रजिस्टर्ड संस्थेला सरळ देणगी, त्यातही २००० च्या वर कॅश दिली तर सूट नाही, आणि नवीन टॅक्स रेजीममधे असाल तर मुळात विषयच नाही.

पेठेतला_पाहुणा :

माझी भाबडी शंका. मी ५०० रुपये नुसतेच दिले तर चकली नाही खाल्ली तर चालेल ना? गेल्या वर्षी एका "सामाजिक" चकलीने दाढेचं कॅप गेलं, त्याचे सहा हजार झाले, तेवढ्यात तुमच्या काकूंना तीन महिने डबा गेला असता.

बरं मुद्द्याचं. भावात स्पर्धा करायला जाऊ नका. मार्केट यार्डातले व्यापारी, पूना मर्चंट्स चेंबरवाले, दिवाळीला ना नफा ना तोटा लाडू-चिवडा काढतात, त्या भावाला तुम्ही तूप वापरून पोचणारच नाही. जे घेतील ते डब्यासाठी घेतील, तसं पाकिटावर सरळ लिहा.

चार्ल्सकाठचा :

मूळचा सहकारनगरचा, आता बॉस्टन. इथे हेच आहे हो, फक्त चकलीच्या जागी पाय! म्हणजे खायचा पाय, गोड भरलेला. कम्युनिटी सर्व्हिंग्ज म्हणून संस्था आहे, १९९० पासूनची, सुरुवातीला एड्सच्या पेशंटना घरपोच जेवण द्यायचे, आता कॅन्सर, किडनी, हार्ट सगळ्यांनाच, प्रत्येकाच्या आजाराप्रमाणे वेगळं बनवून. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं, त्याच्या आधी त्यांची पायची विक्री असते आणि आमच्या ऑफिसात दरवर्षी कोणी ना कोणी ऑर्डरी गोळा करत फिरतं.

पण त्यातली गोम अशी की ते पाय शहरातल्या बेकऱ्या आणि हॉटेलं फुकट बनवून देतात. विकणारेही व्हॉलंटियर. म्हणजे आलेला डॉलर बहुतेक सगळा जेवणाला. तुम्ही १८० किलोवर १८ हजार कमावताय म्हणजे किलोमागे फक्त १००, बाकी सगळं किराणा आणि तेल खातंय. तेव्हा आधी बेसन, तूप, तेल कोणी देतं का बघा. भुसार मालाच्या दुकानदाराला पैसे मागितले तर तोंड वाकडं करेल पण दोन पोती डाळ देईल, आणि तीही नावाचा फलक लावायची अट न घालता.

न्यूयॉर्कला गॉड्स लव्ह वी डिलिव्हर आहे, १९८५ ला सुरू झालं, गंगा स्टोन नावाच्या बाईंनी (हो, गंगाच, बाई अमेरिकनच) एका एड्सच्या पेशंटला किराण्याची पिशवी नेऊन दिली आणि लक्षात आलं की ह्याच्यात स्वयंपाक करायचं त्राणच नाही, सामान देऊन उपयोग काय. तुमच्या काकूंच्या कुकरवरून तेच आठवलं.

एक_वाटी_पाणी :

मी सहसा नुसती वाचते पण "साधं घरगुती जेवण चालेलच ना" वाचलं आणि राहवलं नाही.

नाही चालत ताई. माझ्या मिस्टरांचं तीन वर्षं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलंय, म्हणून हे नाव घेतलंय मी इथे. पहिल्याच दिवाळीला शेजारून प्रेमाने फराळाचं ताट आलं, ह्यांनी चार चकल्या आणि थोडा चिवडा खाल्ला. मिठाने तहान लागली, रात्री उठून पाणी पीत राहिले, मला सांगितलंच नाही. पहाटे आडवं झोपवेना, दम लागला, अभ्यंगस्नानाच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही रिक्षात. सेंटरवर वजन केलं तर साडेचार किलो वर. सिस्टर मला ओरडली, ह्यांना नाही.

आमच्याकडे बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग भाजी, कारण पोटॅशियम, ते ह्यांच्या किडन्यांना बाहेर टाकता येत नाही. टोमॅटो, केळं, शहाळं, ओलं खोबरं, सुकामेवा सगळं जपून. आणि ते "लो सोडियम" मीठ मिळतं ना, ते चुकूनही वापरू नका, त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, लोकांना वाटतं आजाऱ्याला चांगलं. उलट प्रोटीन जास्त लागतं, दर डायलिसिसला थोडं निघून जातं, म्हणून अंड्याचा पांढरा भाग देतात, पण आमच्यासारख्या अंडं न खाणाऱ्या घरात तोही प्रश्नच.

डायलिसिस चालू असताना खाल्लं तर काहींचं बीपी एकदम पडतं, त्यामुळे सेंटरवर डबे घेऊन जाऊ नका, आधी विचारा. खरी गरज संध्याकाळी असते. चार तासांनी माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा होऊन घरी येतो आणि बरोबर गेलेलीही उपाशीच असते. तिचा डबा कोणी धरत नाही हिशोबात.

डबा_क्रमांक_२२ :

आम्ही दोन वर्षं चालवलंय, सिंहगड रोडला, २२ डबे. काही टक्केटोणपे सांगते.

केमोवाल्यांना वास सहन होत नाही. आम्ही गरमागरम डबा द्यायचो, झाकण उघडलं की हिंग-लसणीच्या फोडणीची वाफ थेट नाकात, एक ताई तिथेच उलटी करायच्या. मग फोडणी बंद, तूप-जिरं नुसतं, आणि त्यांना सांगायचो की झाकण घरच्या दुसऱ्या कोणीतरी उघडा, दोन मिनिटांनी ताट वाढा. काहींच्या तोंडाला सगळंच लोखंडासारखं लागतं, त्यांना स्टीलच्या ऐवजी साधा प्लॅस्टिकचा चमचा दिला तर बरं वाटतं. कोशिंबीर, चिरलेली फळं, कच्ची कोथिंबीर वरून नाही, कारण पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, कच्च्यातून इन्फेक्शन व्हायची भीती. तोंड आलेलं असेल तर लिंबू-मिरची पण नाही. भात सकाळी करून दुपारपर्यंत ठेवायचा नाही, केला की लगेच निघाला पाहिजे. मुख्य म्हणजे मनाने काही ठरवू नका, प्रत्येकाच्या डॉक्टर-डाएटिशियनने दिलेला कागद मागा, फोटो काढून किचनमधे चिकटवा. डब्यावर नाव नको, शेजारपाजारी कळतं, नंबर टाका.

आणि आता खरं सांगते ते वेगळंच. पैसे दिवाळीत येतातच हो. माणसं येत नाहीत. पहिल्या वर्षी आमच्याकडे यादीत १४ व्हॉलंटियर होते, वसुबारसेपर्यंत नुसता उत्साह, रील काय, टीशर्ट काय. भाऊबीजेला आले तीन. कोणी भावाकडे, कोणी गावाला, कोणी महाबळेश्वर. पोळ्यावाल्या मावशी पण गेलेल्या. आम्ही २२ पैकी नऊ डबे देऊ शकलो. स्विगीवरून खिचडी मागवावी हेही सुचलं नाही त्या गोंधळात. दुसऱ्या दिवशी १७ नंबरच्या आजी म्हणाल्या, काल सण होता ना, मी समजले, बिस्किटं होती घरात. एक शब्द तक्रारीचा नाही. मी जिना उतरून गाडीवर पाच मिनिटं नुसती बसून होते.

पेठेतला_पाहुणा :

चकलीबद्दलचे शब्द मागे घेतो. ५०० चे २००० करतो, कॅश नाही, आकडेमोड साहेब रागावतील.

भाजणीवाली_कोथरूड :

बाप रे. रात्री सगळ्या जणी मिळून वाचलं, आधी पाच मिनिटं कोणीच बोललं नाही मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

५० वगैरे रद्द. सहा डबे. काकू, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरातले पाच, त्यातले दोन डायलिसिसचे, त्यांना संध्याकाळी आणि बरोबरच्या माणसाचाही डबा, म्हणजे धरा आठ. १८ हजारात ३४ दिवस होतात, मी आकडेमोड दादांच्या पद्धतीने तीनदा भागाकार केला. बेसनाचं एका दुकानदाराशी बोलणं झालंय, अर्धं तो देतोय, त्यामुळे दोन महिने तरी निघतील, मग संक्रांतीला गुळपोळ्या विकू. रजिस्ट्रेशनला उद्या बसतेय (आजवर नव्हतं, खरंय, गप्प बसते). पैसे गोळा करणार नाही, ज्यांना द्यायचेत त्यांनी रजिस्टर्ड संस्थेला द्या. पेठेतले काका, तुम्ही दोन किलो लाडू घ्या, ते मऊ असतात.

आणि धनत्रयोदशी ते भाऊबीज कोण कोणत्या दिवशी आहे ते आधी लिहायला घेतलंय, फराळाच्या याद्या नंतर. पाडवा भरला, लक्ष्मीपूजनाची सकाळ भरली. भाऊबीजेला नऊपैकी आठ जणी भावाकडे, राहिले मी, माझा भाऊ दुबईत. एकटीने आठ डबे करेन पण पोचवायला कोणीतरी हवं.

एक_वाटी_पाणी :

भाऊबीजेला माझं नाव लिहा. ह्यांची त्या दिवशी सकाळची बॅच आहे, एकला घरी येऊन झोपतात ते पाचपर्यंत उठत नाहीत. ॲक्टिव्हा आहे माझ्याकडे. पत्ता पर्सनलवर पाठवा.