बगळ्यांची घरटी असलेली चिंच गणपतीआधी छाटायची का?

चिंचेखालचा:
आमच्या लेआऊटच्या कोपऱ्यावर जुनी चिंच आहे. पाऊस लागला की दरवर्षी तिच्यावर गायबगळे आणि रातबगळे घरटी करतात. यंदा काही रहिवाशांनी महापालिकेकडे फांद्या छाटायचा अर्ज दिलाय आणि काम गणपतीच्या आत व्हावं असा त्यांचा आग्रह आहे, कारण मंडप तिथेच घालतात. माझं म्हणणं एवढंच, की छाटणी करा, पण पिल्लं उडून गेल्यावर. ऑक्टोबर सरेपर्यंत घरट्याच्या एकाही फांदीला हात लावू नका.

वर काय चाललंय ते आमच्या गच्चीतून नीट दिसतं. गायबगळ्याचं घरटं म्हणजे नुसत्या काटक्यांची चळत, खालून पाहिलं तर आरपार आभाळ दिसावं इतकी विरळ. नर काटकी आणतो, मादी ती चोचीनं खोचते. अंडी उबायला साडेतीन आठवडे लागतात. पिल्लं लवकरच घरटं सोडून फांद्यांवर चढायला लागतात, पण उडता यायला महिना जातो. आत्ता बरीच पिल्लं नेमकी अशी आहेत, पायांनी फांदी धरून बसलेली, पंखात जोर नसलेली. फांदी पडली की ती तिच्यासोबत खाली येणार.

सप्टेंबर २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंद करताना घरट्यांसकट झाड पाडलं आणि पिल्लं रस्त्यावर आपटून मेली. तो व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी-घरटी विस्कटणं येतं. हे आपल्या कोपऱ्यावर होऊ द्यायचं का?

त्रस्त रहिवासी:
अर्जावर माझी सही आहे, म्हणून लिहितो. माझी कंपाउंडची भिंत त्या चिंचेला लागून आहे, तुमची गच्ची चार घरं पलीकडे. तुम्हाला घरटी दिसतात, मला खाली पडतं ते दिसतं. विष्ठा तर आहेच, पण पिल्लांना भरवताना अर्धवट पचलेले मासे, बेडूक अंगणात पडतात. ऊन पडलं की जो वास सुटतो त्यात जेवण जात नाही. आईला दमा आहे. जुलैपासून तिच्या खोलीची खिडकी बंद आहे. नागपूरच्या दमट उकाड्यात बंद खोलीत म्हातारं माणूस कसं राहतं ते एकदा येऊन बघा.

शिवाय पक्ष्यांना जागा कमी आहे का? फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा असे तलाव आहेत. तिकडे जाऊ देत.

चिंचेखालचा:
दादा, मोठे पक्षी जातील, अंडी आणि पिल्लं कशी जाणार? प्रश्न या दोन महिन्यांचाच आहे.

नर्सरीवाली:
दम्याचं कारण हलक्यात घेऊ नये. पण कबुतरं आणि बगळे यांत फरक आहे. कबुतरं बारा महिने खिडकीच्या कट्ट्यावर, डक्टमध्ये राहतात. तिथली विष्ठा वाळते, तिची भुकटी श्वासात जाते आणि फुप्फुसाचे आजार होतात. चिंचेखाली पावसाळ्यात सगळं ओलं असतं. खरी काळजी ऑक्टोबरात, वाळल्यावर. तेव्हा कोरडं झाडायचं नाही, आधी पाणी मारायचं, तोंडाला मास्क लावायचा.

कर्नाटकातल्या कोक्करेबेल्लूरमध्ये रंगीत करकोचे आणि पाणकोळी घराशेजारच्या चिंचांवरच वीण करतात. तिथले लोक झाडाखाली खड्डे करून विष्ठा गोळा करतात आणि शेताला खत म्हणून वापरतात. २००७ मध्ये त्या जागेला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. जमिनीवर ताडपत्री अंथरून जमा झालेलं कुजवलं, तर आमच्या नर्सरीत मी घेऊन जाईन.

त्रस्त रहिवासी:
ताई, ते शेतकऱ्यांचं गाव आहे. त्यांना खताचा उपयोग होतो, आणि चिंचेच्या पिकाचं नुकसान झालं तर सरकार भरपाईही देतं. मला कोण काय देतं? माझ्या वाट्याला फक्त धुणं येतं.

काटोलवाला:
भाऊ, दोघायचंही वाचलं. आमच्याकडं वखर चालला का बगळे मांगं मांगंच राह्यतात, माती उलटली का किडे-टोळ टिपून खातेत. वावरात त्यायले कोणी हाकलत नाही. म्हनून झाड तोडाच्या मी बी विरोधातच हाय. पन ज्याच्या दारात घान पडून राहिली त्याले कायद्याचं कलम सांगून काय होते? आधी त्याच्या घरी जा, अंगन धुऊन द्या, मंग बोला. त्याच्या मायले दमा हाय म्हनते तो, त्याच्यावर तं तुमी एक शब्द नाई लिवला.

रिंगरोड:
रस्त्याकडची एक फांदी पूर्ण वाळली आहे आणि तिच्याखालून मुलं शाळेत जातात. मागच्या वादळात तिचा तुकडा स्कूटरवर पडला. पिल्लांसाठी तीही ठेवायची का? मला हे पटत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल तिथे महिना पाहायचा नसतो.

चिंचेखालचा:
ती फांदी काढायलाच हवी, आणि तिच्यावर घरटं नाही, दुर्बिणीनं पाहिलंय. पण काम रीतसर परवानगीनं आणि दोर बांधून व्हावं, १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यानं विनापरवाना झाड तोडता येत नाही. धक्क्यानं एखादं पिल्लू पडलंच तर सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी वन्यप्राणी-पक्ष्यांचं उपचार केंद्र, आहे, मी स्वतः घेऊन जाईन.

काटोलवाले भाऊ म्हणतात ते बरोबर आहे. दादा, मंडप यंदा मंदिराच्या बाजूला घालू, मंडळाशी मी बोलतो. तुमच्या अंगणावर ताडपत्रीचं छत आणि रोज सकाळी धुवायला माणूस, खर्च लेआऊटच्या वर्गणीतून. काकूंच्या खिडकीला पंखा आणि जाळी हवी असेल तर तेही त्यातच धरू.

त्रस्त रहिवासी:
तोंडी नको, रविवारच्या मीटिंगमध्ये लेखी ठराव करा. छत आठवड्याच्या आत लागलं तर बाकी छाटणीची तारीख नोव्हेंबरची घालून घेतो. नाही लागलं तर अर्ज आहे तसाच राहील.