मदत हवी आहे: ३०० पेट्या टॉवेल, २० फुटी कंटेनर पुरेल का?

पेठेतला विणकर
सोलापूर एमआयडीसीतून टेरी टॉवेल हॅम्बुर्गला पाठवायचेत. ३०० पेट्या, ६०×४०×४० सेंमी, प्रत्येकी १८ किलो. एकूण २८.८ घनमीटर. २० फुटीत ३३ मावतात म्हणे, मग बसेल ना? की एलसीएल (दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरात) परवडेल? गिऱ्हाईक एफओबी न्हावाशेवा म्हणतंय, त्यात माझ्या गळ्यात काय काय येतं?

गोदीकर
नाही बसणार. घनमीटर सोडा, थर मोजा. आत लांबी ५.९ मीटर, रुंदी २.३५, उंची २.३९, दाराची उंची त्याहून कमी, २.२८. या मापाच्या पेट्या आडव्या रचून २५५ जातात, एक थर उभा केला तर २७४. बाकीच्या कारखान्याच्या दारात.

४० फुटी घेण्याआधी पेटी बदला. बाहेरून ५८×३८×३७ केली की लांबीत १०, रुंदीत ६, उंचीत ६, म्हणजे ३६०. तेवढ्याच मालाला ३५४ लागतील. पण टॉवेल कोंबून पेटी फुगवली की संपलं, रुंदीत सगळे मिळून ७ सेंमीच मोकळे आहेत. पाच प्लायचीच (पाच थरी पुठ्ठ्याची) घ्या. तळाच्या पेटीवर ७५ किलोच्या वर ओझं येतं.

वजनाची काळजी नको, साडेपाच टन काहीच नाही. एलसीएल १५ घनमीटरच्या पुढे सहसा महागच पडतं, शिवाय हाताळणी वाढते.

शिपिंगबिल
एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतचं सगळं तुमचं: ट्रेलर, कस्टम, टर्मिनलचा खर्च. समुद्राचं भाडं गिऱ्हाइकाचं. कंटेनर टर्मिनलला दिल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही, जोखीम मात्र तुमचीच. म्हणून एफसीए (कंटेनर टर्मिनलला दिला की जोखीम गिऱ्हाइकाची) मागून बघा.

आयईसी (आयात-निर्यात कोड), आइसगेटवर (कस्टमचं पोर्टल) एडी कोड (तुमच्या बँकेचा) आणि चालू वर्षाचं एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) आधी उरका. व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन) दिल्याशिवाय कंटेनर चढत नाही (१ जुलै २०१६ पासूनचा नियम). त्यात माल, पेट्या आणि दारावर लिहिलेलं रिकाम्या कंटेनरचं वजन, तिन्ही धरा. आणि कटऑफच्या (टर्मिनलने कंटेनर घेण्याच्या शेवटच्या) दिवशी ट्रेलर सोडू नका, घाटात अडकला तर जहाज गेलं.

गोदीकर
रिकामा कंटेनर आला की आत उभं राहून दार लावून घ्या. कुठून उजेड दिसला तर परत पाठवा. गार हवेत छताला आतून घाम सुटतो, थेंब वरच्या थरावर पडतात, टॉवेलला बुरशी. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगा, वर क्राफ्ट कागद अंथरा.

पेठेतला विणकर
पेटीवाल्याला नवीन माप दिलं. गिऱ्हाईक टेलेक्स रिलीज (मूळ कागद न दाखवता माल सोडायची सोय) मागतंय, देऊ?

शिपिंगबिल
बाकीचे पैसे बँकेत दिसल्यावर. तोवर मूळ बी/एलच्या (बिल ऑफ लेडिंग, ज्यावर माल ताब्यात मिळतो तो जहाज कंपनीचा कागद) तिन्ही प्रती तुमच्या कपाटात.