संघ एकाच ड्रायव्हरला झुकतं माप देतो, ते पटतं का?

प्रश्न: काल २०१० ची जर्मन ग्रां प्री ही फॉर्म्युला वन शर्यत पुन्हा पाहिली. फेरारीचा फेलिपे मासा पुढे होता, त्याच्या मागे त्याच संघाचा फर्नांडो अलोन्सो. इंजिनिअर रेडिओवर एकेक शब्द सुटा करत म्हणाला, 'फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे', आणि मासाने वाट सोडली. हंगेरीत दुसऱ्या गाडीतून सुटलेली स्प्रिंग डोक्याला लागून तो मरता मरता वाचला, त्याला त्या दिवशी बरोब्बर एक वर्ष झालं होतं. माझ्या पोटात अजून तुटतं. असे संघाचे आदेश तेव्हा बंद होते म्हणून फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, पण निकाल तसाच राहिला. तुम्हाला हे पटतं?

उत्तर १: पटत नाही, पण कळतं. मोसमाचं विजेतेपद दोन-चार गुणांनी हुकतं. २००२ ला ऑस्ट्रियात मात्र कहर झाला. मोसमाची ही सहावीच शर्यत, तरी फेरारीने पुढे असलेल्या बारिकेलोला त्याच संघाच्या शूमाकरसाठी शेवटच्या सरळ पट्ट्यावर वेग कमी करायला लावला. त्यानंतरच असे आदेश बंद झाले. २०११ पासून पुन्हा चालू.

उत्तर २: रेडिओ निदान ऐकू तरी येतो. सिल्व्हरस्टोन २०१० आठवा: रेड बुल संघाच्या वेटेलचा नवा फ्रंट विंग (गाडीच्या पुढचा पंख) मोडला, तर त्याच संघाच्या वेबरच्या गाडीचा काढून त्याला बसवला! दुसऱ्या दिवशी वेबरच जिंकला.

उत्तर ३: टायर बदलायला पिटमध्ये कुणाला आधी घेतात, तो क्रमही बघा. हंगेरी २०२४ मध्ये मॅकलारेनने नॉरिसला आधी आत घेतलं, तो त्याच संघाच्या, पुढे असलेल्या पियास्ट्रीच्या पुढे गेला, मग शेवटी जागा परत द्यायला लावली.

प्रश्नकर्ता: परत दिली ना, तेवढं मला पुरे. मासाला कुणी काही परत दिलं नाही.