नवस सगळे करून झाले, आता देवीला काय मागू?

चोपड्याची आई:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, अजून बोलत नाही. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून थेरपी चालू आणि देवदेवही चालू. मनुदेवीला झालं, सप्तशृंगी गडावर पायी जाऊन आलो, मुक्ताईला जाऊन आलो, ज्याने जे सांगितलं ते केलं. एका ठिकाणी तर मला तोंडावर म्हटले की आईचंच काही चुकलं असेल, त्या रात्री घास उतरला नाही.
शेतात गेलो की तो केळीत ठिबकच्या नळीपाशी बसतो, थेंब पडला की बोट लावतो, मग पुढच्या थेंबाची वाट बघतो, तासभर तसाच. इतका शांत असतो ना तेव्हा, मला वाटतं काय कमी आहे माझ्या लेकराला, आणि घरी आलं की परत जीव कासावीस.
पुढच्या रविवारी कानबाई आहे, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण, सगळे भाऊबंद येतील. मागच्या वर्षी डफ वाजला तर कान दाबून किंचाळला, चुलत सासूबाई म्हणाल्या याला आतल्या खोलीत बसवा. यंदा माहेरी निघून जावं असं वाटतंय. श्रद्धा गेली असं नाही, पण हात जोडले की बोलायला काही सुचतच नाही. तुम्ही कसं स्वीकारलं?

धुळेकर बापू:
ताई, माझा पोरगा १९ चा झाला, तोही बोलत नाही. आधी हे डोक्यातून काढा, आईच्या वागण्याने ऑटिझम होत नाही. एके काळी डॉक्टर लोकही आयांनाच बोल लावायचे, ते केव्हाच खोटं ठरलंय.
मीपण खूप नवस बोललो. एकदा एकविरा देवीच्या रांगेत उभा होतो, पोरगा माझ्या शर्टाचं एकेक बटण धरून बघत होता, आणि एकदम ध्यानात आलं की मी देवीला म्हणतोय हा बदलून दे. खूप लाज वाटली. तेव्हापासून त्याच्यासाठी नाही मागत, माझ्यासाठी मागतो, चिडचिड कमी होऊ दे, हातपाय चालू राहू दे. माहेरी जाऊ नका, त्याचंही घर आहे ते.

अमळनेरची ताई:
बापूंचं पटलं, पण स्वीकारलं म्हणजे एकदाच होऊन जात नाही हो, माझी मुलगी १२ ची आहे, शाळेत गॅदरिंग असलं की मला अजून रडू येतं, दुसऱ्या दिवशी परत कामाला लागते.
कागदपत्रं केली का? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम येतो. युडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्र, काढा, मग निरामय या सरकारी आरोग्य विम्याचा फॉर्म भरा, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आणि कानबाईला कानावर लावायचे जाड हेडफोन घेऊन ठेवा, डफ सुरू व्हायच्या आधी घालायचे, किंचाळल्यावर नाही. आदल्या दिवशी मोबाईलवर अगदी बारीक आवाजात डफ ऐकवा.

चोपड्याची आई:
माहेरी गेले नाही. आमच्याकडे रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ काढतात. सासूबाई एकेकाचं नाव घेत होत्या, मी चुलीपाशी होते, सगळा जीव कानात. त्याचं नाव आलं. त्यांनी त्यालाच जवळ बसवलं आणि त्याच्याच मुठीने गहू काढले, अर्धे खाली सांडले, मी वेचायला धावले तर म्हणाल्या, ऱ्हाऊ दे व माय, त्याना हातना शेतस (राहू दे गं, त्याच्या हातचे आहेत).
रविवारी हेडफोन घालून अर्धा तास बसला, मग आम्ही दोघं गच्चीवर गेलो. वरून हात जोडले, काही मागितलं नाही.