पिल्लू दिसलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

उन्हाळ्यात वावरात, आवारात कुठे ना कुठे पिल्लू सापडतंच. उचलावं की राहू द्यावं, ते त्या घडीला कळत नाही. यंदा मी एक उचललं आणि ते गेलं, म्हणून विचारते आहे.

लालबुड्या बुलबुलाचं होतं. कढीपत्त्याखाली बसलेलं, शेपूट बोटभरही नाही. मला वाटलं, पडलं. खोक्यात ठेवलं, कापसाने चोचीत पाणी सोडलं. रात्रीच मेलं. नंतर कळलं, बुलबुलाची पिल्लं १२-१३ दिवसांची झाली की नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आईबाप त्यांना खाली येऊन भरवतात. चोचीत सोडलेलं पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. सकाळी ती जोडी चोचीत अळी धरून कढीपत्त्यावर आली होती.

*

दर्यापूर तालुका. वखरणी चालू होती. सालदाराने बैल थांबवले. "भाऊ, इकडं या जी, टिटवी उठूनच नाही रायली." चार अंडी, अगदी ढेकळांच्या रंगाची. बाबा म्हणाले, धुऱ्यावर ठेवून दे. मी नाही म्हणालो. जागा बदलली तर टिटवी बसेलच असं नाही. तेवढा तुकडा न वखरता सोडला. खुणेच्या तुराट्या मुद्दाम दहा पावलं लांब रोवल्या, कावळ्यांना अंड्यांची जागा कळू नये म्हणून. ४५ अंशांत टिटवी हौदावर पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायची. हे ऐकून होतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. पंधरा दिवसांनी तीन पिल्लं निघाली, चौथं अंडं तसंच राहिलं. पिल्लं त्याच दिवशी चालू लागली. आई ओरडली की जिथल्या तिथे ढेकूळ होऊन बसत. शिकरा घिरट्या घालायचा, त्यात मी पडलो नाही. पण पलीकडे आमची बिनकठड्याची विहीर आहे. तिच्याभोवती बाभळीच्या काट्या टाकल्या. विहीर आम्ही खोदलेली.

*

उमरेडकडचं गाव. कवेलूखालच्या साळुंकीच्या घरट्याकडे धामण चढली. आम्ही काठ्या घेऊन धावलो, तर आजी आडवी आली. "तिलेही पोट हाय, बाप्पा. कोठ्यातले उंदीर कोण खाते मंग?" पिल्लं गेली. आजीचं बरोबर होतं, असं मला आजही पूर्ण मनाने म्हणवत नाही.

*

गोंदिया जिल्हा. सारसाने आमच्या बांधीत धान मोडून घरटं केलं. दोन अंडी. नर-मादी महिनाभर आळीपाळीने बसली. त्या बांधीत निंदण नाही, फवारणी नाही. कुत्री बांधून ठेवली. फोटोवाल्यांना बांधाच्या पाळीवरूनच परत पाठवलं. एक पिल्लू जगलं. दिवाळीत ते कापलेल्या धानात आईबापाच्या मधून चालत होतं, आणि घरचे सगळे हातातली कामं सोडून बघत उभे होते.

*

सगळं वाचते आहे. आज अंगणात पुन्हा एक बुलबुलाचं पिल्लू आहे. मांजर खोलीत कोंडली आहे आणि मी खिडकीआड बसले आहे. मोठा बुलबुल दोनदा येऊन गेला.